तपकिरी रंगाने लावलेलं वेड

हातातलं काम जरा बाजूला ठेवा! खरंच ठेवा. मला एक गोष्ट कळली आहे आणि ती पोटात ठेवणं आता मला शक्य नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून झाली, शेजारच्या काकूंना सांगून झाली, भाजीवाल्या दादांनीही निम्मी ऐकली आहे. आता तुम्ही सापडलात!

झालं असं की मावशीच्या डोक्यात गाठ निघाली. घाबरू नका, मावशी आता ठणठणीत आहे. गाठीचं नाव मेनिंजिओमा. म्हणजे मेंदूची गाठ नव्हे, मेंदूवरच्या आवरणाची! ऑपरेशन झालं, गाठ सगळी निघाली, आणि मग रिपोर्ट आला, आणि त्यात वरच ‘ग्रेड १’ असं छापलेलं होतं, आणि ते वाचून सगळ्यांनी हुश्श केलं, देवापुढे साखर ठेवली आणि कागद फाइलमध्ये गेला. मी मात्र खालच्या ओळींत अडकले. ईएमए पॉझिटिव्ह. एसएसटीआर२ए पॉझिटिव्ह. पीआर पॉझिटिव्ह. स्टॅट६ निगेटिव्ह. की-६७ : २ टक्के. हे काय आहे? कोणी काढलं हे? आणि कोणी विचारत कसं नाही?

माझी मामेबहीण पॅथॉलॉजिस्ट आहे. तिला फोन केला. “ताई, हे की-६७ म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “फोनवर नको, लॅबमध्ये ये. दाखवतेच तुला.”

गेले! आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. पुढे जे काही सांगणार आहे तो उपचाराचा सल्ला समजू नका, तो तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचा. मी फक्त तुमचा हात धरून तुम्हाला त्या मायक्रोस्कोपपर्यंत नेणार आहे. चला!

मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो. त्याच्यावर तीन आवरणं असतात. कवटीला लागून जाड, चिवट ड्यूरा. तिच्या आत नाजूक अरॅक्नॉइड. आणि मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरून चिकटलेलं पिया. यातल्या मधल्या, अरॅक्नॉइडच्या पेशींपासून या गाठी होतात. प्रौढांमध्ये कवटीच्या आत सुरू होणाऱ्या गाठींत सगळ्यात जास्त आढळणारी गाठ हीच! बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट. मेनिंजिओमा हे नाव १९२२ साली हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने रूढ केलं, आणि १९३८ मध्ये लुईस आयझेनहार्ट या सहकारी बाईंबरोबर त्याने या एका गाठीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. एका गाठीवर! मला हे दोघे फार आवडले आहेत.

आता लॅब. गाठीचा तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरतो, मग अल्कोहोलमधून जातो, झायलीनमधून जातो, आणि मग वितळलेल्या मेणात बुडतो आणि मेण थिजलं की झाला ब्लॉक. अंगठ्याएवढा पांढरा ठोकळा! त्या ठोकळ्याचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर काप काढतात. किती पातळ? मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातले ३-४ घ्या. इतके पातळ! काप पाण्यावर तरंगतो, तंत्रज्ञ तो काचेच्या पट्टीवर अलगद उचलतात, आणि मग मेण धुऊन काढतात, आणि मग... कुकर! मी खोटं सांगत नाही, प्रेशर कुकर! फॉर्मालिनमुळे प्रथिनं एकमेकांत बांधली जातात, त्यांचे ओळखू येणारे भाग झाकले जातात, आणि ते पुन्हा उघडे करण्यासाठी स्लाइड विशिष्ट द्रावणात ठेवून उकळतात. कुठे मायक्रोवेव्ह वापरतात, कुठे त्यासाठीची खास यंत्रं आहेत, पण ताईच्या लॅबमध्ये ओट्यावर कुकर होता. मी त्या कुकरकडे बघतच राहिले.

आणि मग येते अँटिबॉडी. आपल्या शरीरात जंतूंना पकडायला तयार होतात तीच जात, पण ही एकाच ठरावीक प्रथिनाला चिकटणारी. त्या काचेवर हजारो तऱ्हेची प्रथिनं पसरलेली असतात आणि ही बाकी सगळी सोडून आपल्या एकालाच धरते! तिच्यावर दुसरी अँटिबॉडी बसते, तिच्याबरोबर एक एन्झाइम येतं, आणि मग डॅब नावाचं रसायन टाकलं की जिथे जिथे ते प्रथिन आहे तिथे तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकीच्या पेशींची केंद्रकं निळी रंगवतात. झालं! निळ्यावर तपकिरी. या सगळ्या खटाटोपाला आयएचसी म्हणतात. रुग्णालयात ‘आयएचसीला पाठवलंय, थांबा’ असं ऐकलं असेल तुम्ही. ते हेच!

आणि या अँटिबॉडी आल्या कुठून? १९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन या दोघांनी उंदराची अँटिबॉडी बनवणारी पेशी घेतली आणि ती एका कर्करोगाच्या पेशीशी जोडली. कर्करोगाची पेशी मरत नाही, सतत वाढत राहते, म्हणून ही जोडपेशीही न थांबता एकच एक अँटिबॉडी बनवत राहिली. १९८४ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे बघा, आज गाठ ओळखायला जी हत्यारं वापरतात, त्यांतली कितीतरी एका गाठीच्याच पेशीच्या जोरावर बनली आहेत! हे ऐकून मी उठून उभीच राहिले. ताई म्हणाली, “बस गं, अजून एक स्लाइड लावली नाहीये मी.”

लावली. दोघींना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. पहिली ईएमए. पेशींच्या कडांवर तपकिरी रेघा, कुठे ठळक, कुठे पुसट, आणि पेशी गोल गोल वळसे घेत एकमेकींभोवती बसलेल्या. मधेच कॅल्शियमचे छोटे छोटे गोळे. सुंदर! गाठीला सुंदर म्हणावं की नाही मला माहीत नाही, पण मी म्हटलं. हे प्रथिन ग्रंथींच्या पेशींवर असतं, स्तनातल्या दुधाच्या नलिकांवर असतं, आणि मेंदूच्या आवरणाच्या या पेशींवरही असतं. आणि आता ऐका. या प्रथिनाची प्रसिद्ध अँटिबॉडी तयार करायला शास्त्रज्ञांनी काय वापरलं होतं? आईच्या दुधावरची साय! माणसाच्या दुधातल्या स्निग्ध कणांची आवरणं उंदराला टोचली, उंदराने अँटिबॉडी बनवली, आणि ती आज मेंदूच्या आवरणाची गाठ ओळखायला उपयोगी पडते. दुधाच्या सायीपासून मावशीच्या रिपोर्टपर्यंत! सांगा, कशी गप्प बसू मी?

पण ईएमए एकटी भरवशाची नाही. काही गाठींत ती फिकट पडते आणि इतर गाठींतही दिसते. म्हणून दुसरी स्लाइड, एसएसटीआर२ए. ही लावली आणि सगळं दृश्य तपकिरी! हे सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचं ग्राही प्रथिन, म्हणजे ते संप्रेरक येऊन जिथे बसतं ती जागा. सोमॅटोस्टॅटिन १९७३ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये सापडलं, वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारं म्हणून. ते ज्याच्यावर बसतं ते प्रथिन जवळजवळ सगळ्या मेनिंजिओमांवर गच्च भरलेलं असतं!

आणि इथे खरी कमाल आहे. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतं ना? मग काचेवरच कशाला शोधायचं, माणसाच्या डोक्यात थेट शोधू या, असं कोणाला तरी सुचलं! सोमॅटोस्टॅटिनच्या तोंडवळ्याचा एक रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सर्गी गॅलियम-६८ जोडायचं, शिरेतून द्यायचं आणि पेट स्कॅन काढायचा. तो रेणू हिंडत हिंडत गाठीवर जाऊन बसतो आणि गाठ स्कॅनमध्ये झळकते! निरोगी मेंदूत हे प्रथिन फारसं झळकत नाही, म्हणून गाठ कुठे संपते ते नीट कळतं. ऑपरेशननंतर हाडात किंवा शिरेलगत थोडी उरली आहे की तो नुसता व्रण आहे, हे एमआरआयवर ओळखणं अवघड असतं. तिथे हा स्कॅन मदतीला येतो, आणि किरणोपचार नेमके कुठे द्यायचे हे ठरवायलाही. आणि मग पुढची पायरी, त्याच रेणूला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडायचं, म्हणजे तो नुसता दाखवणार नाही, गाठीला आतून किरणांचा मारा देईल. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाठींवर हे उपचार अजून अभ्यासले जात आहेत. एकच प्रथिन! काचेवर ओळख पटवतं, स्कॅनमध्ये जागा दाखवतं आणि औषधालाही वाट दाखवतं. सगळ्या मार्करांत, म्हणजे या ओळख पटवणाऱ्या खुणांत, माझा सगळ्यात लाडका हाच, आणि मी तो लाड लपवणार नाही.

स्टॅट६ झटकन सांगते. मेंदूच्या आवरणावर मेनिंजिओमासारखी दिसणारी पण वेगळ्या स्वभावाची दुसरी एक गाठ होते, तिच्यात दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि त्यामुळे स्टॅट६ हे प्रथिन केंद्रकात जाऊन बसतं. हे २०१३ मध्ये कळलं. केंद्रकं तपकिरी झाली तर ही दुसरी गाठ, नाही झाली तर तिची शक्यता मागे पडते. मावशीची निगेटिव्ह. म्हणजे रिपोर्टमधल्या ‘निगेटिव्ह’लाही केवढा अर्थ!

आता की-६७! हिच्यासाठीच तर मी गेले होते. पण त्याआधी लेनर्ड वूड यांच्याबद्दल सांगू द्या. अमेरिकेचे मोठे सेनानी. १९१० मध्ये कुशिंगने त्यांच्या डोक्यातला मेनिंजिओमा काढला आणि ते इतके बरे झाले की पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही उभे राहिले, फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले. आणि मग गाठ परत आली. १९२७ मध्ये कुशिंगने पुन्हा ऑपरेशन केलं आणि त्यानंतर वूड वारले. कुशिंगसारखा माणूस! तरी कोणती गाठ शांत बसेल आणि कोणती परतेल हे आधी सांगायला त्याच्याकडे आजच्यासारखं काही नव्हतं.

१९८३. जर्मनीतलं कील शहर. गेर्डेस, श्टाइन आणि त्यांचे सहकारी एका लिम्फोमाच्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचून अँटिबॉडी बनवत होते. ९६ खळग्यांची ती प्लास्टिकची थाळी, त्यातल्या ६७ नंबरच्या खळग्यात एक अँटिबॉडी मिळाली, आणि तिचं काम विलक्षण! ती फक्त विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींना रंगवते. विश्रांती घेणाऱ्या पेशींना शिवतच नाही! कीलमधली ६७ नंबरची, म्हणून की-६७. एवढंच नाव! आज जगभर असंख्य गाठींच्या रिपोर्टात कील शहराची दोन अक्षरं आणि एका खळग्याचा नंबर छापला जातो.

ताईने स्लाइड लावली. निळी, निळी, निळी केंद्रकं. सगळीकडे शांतता. आणि मग एक तपकिरी! मग पुन्हा कितीतरी निळी, आणि मग आणखी एक! शंभरात साधारण दोन. तेच ते २ टक्के! आणि मग तिने शिकवण्यासाठी ठेवलेली एक जुनी स्लाइड लावली, वरच्या ग्रेडच्या गाठीची. तिथे तपकिरीच तपकिरी. मी डोळे बाजूला केले. मला तिथे जास्त वेळ बघवलं नाही.

पण नीट ऐका, कारण मी चुकीचं काही तुमच्या गळ्यात घालणार नाही. ग्रेड नुसत्या या टक्क्यांवर ठरत नाही. प्रत्यक्ष दोन होत असलेल्या पेशी मोजतात. मायक्रोस्कोपच्या मोठ्या भिंगाखालच्या दहा क्षेत्रांत मिळून ४ ते १९ सापडल्या तर ग्रेड २, २० किंवा जास्त तर ग्रेड ३. गाठ मेंदूत शिरली असेल तरी ग्रेड २. की-६७ चे टक्के वाढलेले दिसले की पॅथॉलॉजिस्ट सावध होतो, पुन्हा शोधतो, पुन्हा मोजतो.

आणि या की-६७ ची खरी मजा पुढे आहे! ही अँटिबॉडी ज्याला पकडते त्या प्रथिनालाही की-६७ च म्हणतात. जग तीस वर्षांहून जास्त काळ ते मोजत होतं, आणि विभाजनाच्या वेळी ते पेशीत नेमकं काय करतं हे २०१६ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी दाखवलं. विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांच्या बाहेरून लेपासारखं बसतं आणि साबण जसा तेलाचे थेंब एकमेकांत मिसळू देत नाही तसं ते गुणसूत्रं एकमेकांना चिकटू देत नाही! म्हणजे ताई ज्या तपकिरी केंद्रकांकडे बोट दाखवत होती, त्यांच्यात विभाजनाची वेळ आली की हेच प्रथिन ही राखण करणार होतं! मला त्या एकेका ठिपक्याबद्दल आदर वाटायला लागला.

पीआर राहिलं. प्रोजेस्टेरॉनचं ग्राही प्रथिन. पाळी, गर्भारपण यांचं संप्रेरक, आणि त्याची जागा मेंदूच्या आवरणाच्या गाठीत! पण विचार करा, बायकांमध्ये या गाठी दुप्पट, आणि गर्भारपणात काही गाठींचा त्रास वाढतो हे कुशिंग आणि आयझेनहार्ट यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं. ग्रेड १ मध्ये हे प्रथिन बहुधा भरपूर सापडतं, वरच्या ग्रेडमध्ये कमी होत जातं. म्हणजे मावशीचं ‘पीआर पॉझिटिव्ह’ हे शुभ लक्षण! मग प्रोजेस्टेरॉनला अडवणारं औषध दिलं तर गाठ आक्रसेल? मलाही लगेच हेच वाटलं! मिफेप्रिस्टोनची तशी मोठी चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आले, आणि फायदा दिसला नाही. फार हळहळले मी.

पण उलट्या बाजूने हे नातं खरं निघालं. फ्रान्समध्ये मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायकांची माहिती तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आले. प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त काळ घेणाऱ्या बायकांमध्ये ऑपरेशन करावं लागण्याजोग्या मेनिंजिओमाचा धोका ५.६ पट आढळला. हे इंजेक्शन आपल्याकडे सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘अंतरा’ नावाने मिळतं, दर तीन महिन्यांनी. घाबरून जाऊ नका! मुळात ही गाठ फार कमी जणींना होते, त्यामुळे पाचपटीहून जास्त होऊनही धोका लहानच राहतो, आणि नको असलेल्या गर्भारपणाचे धोके काही कमी नसतात. लिव्होनॉर्जेस्ट्रेलच्या तांबीसारख्या साधनात त्याच अभ्यासाला जादा धोका दिसला नाही. पण ज्या बाईला मेनिंजिओमा झालेला आहे तिने संप्रेरकाची गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

थांबा, उठू नका, सगळ्यात विलक्षण गोष्ट अजून बाकी आहे! काही मार्कर दिसले म्हणून बोलतात, आणि काही नाहीसे झाले म्हणून. एचथ्रीके२७एमईथ्री, केवढं हे नाव! गुणसूत्रातला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यातल्या एकावरची ही रासायनिक खूण. साधारणपणे सगळी केंद्रकं तपकिरी दिसतात. गाठीतली ही खूण पुसली गेली असेल तर ती गाठ लवकर परतण्याची शक्यता जास्त. पण मग मी विचारलं, “ताई, रंगच नीट लागला नसेल तर?” ती हसली आणि तिने स्लाइड सरकवली. गाठीतल्या रक्तवाहिनीच्या पेशी, त्या गाठीच्या नव्हेत, त्या निरोगी, आणि त्यांची केंद्रकं लख्ख तपकिरी! त्या तपकिरी असतील तरच गाठीच्या निळ्या केंद्रकांवर विश्वास ठेवायचा. साक्षीदार त्याच काचेवर हजर! बॅप१ चंही तसंच, ते नाहीसं झालं की गाठ आक्रमक असण्याची भीती. आणि एमटॅप तर आणखी भारी. नवव्या गुणसूत्रावर सीडीकेएन२ए नावाचं जनुक आहे, त्याच्या दोन्ही प्रती गेल्या तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार गाठ थेट ग्रेड ३. एमटॅपचं जनुक त्याला अगदी लागून आहे, बरेचदा दोघं एकदमच जातात, म्हणून एमटॅपचा तपकिरी रंग गायब झाला की शेजारच्या जनुकाची चौकशी सुरू!

आणि गाठीच्या जनुकांचा हा शोध सुरू कुठून झाला? १९६७ मध्ये झांग आणि सिंगर यांनी मेनिंजिओमाच्या पेशींत बरेचदा एक लहान गुणसूत्र हरवलेलं असतं हे दाखवलं, आणि ते २२ व्या क्रमांकाच्या जोडीतलं असल्याचं पुढे कळलं. तिथे कोणतं जनुक आहे ते १९९३ मध्ये सापडलं, एनएफ२. त्याचं प्रथिन मर्लिन. निरोगी पेशी शेजारणीला टेकली की मर्लिन तिला वाढ थांबवायला सांगतं. जवळपास निम्म्या मेनिंजिओमांत हे सांगणारं प्रथिनच राहत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कोणाची गाठ निघाली असेल तर रिपोर्टमधल्या त्या खालच्या ओळी डॉक्टरांना विचारा. आवर्जून विचारा! आणि ज्या मेणाच्या ब्लॉकमधून हे काप काढले तो ब्लॉक कुठे आहे तेही विचारा. लॅब तो कायम ठेवत नाही. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात दाखवायला गेलात तर स्लाइडबरोबर तो हमखास मागतात. आणि काही वर्षांनी एखादा नवा मार्कर आला तर त्याच जुन्या मेणातून नवा काप काढून तो तपासता येतो. ब्लॉक मिळाला तर नाव-नंबर लिहिलेल्या डबीत, कोरड्या, थंड जागी ठेवा, उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, आणि कुठे ठेवलाय ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.